देवमासा आणि माझा आवाज

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. रायपूरजवळच्या बीरगांवच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. वर टिनाचं छप्पर, खिडकीबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, आणि समोर गच्च भरलेला वर्ग. तिथे हळू बोलणाऱ्या बाईला पोट्टे एका दिवसात विकून खातात. माझे यजमान रेल्वेत गार्ड होते. जन्मभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकलेला माणूस, त्यांना माझा आवाज कधी खुपला नाही. "तू बोल, मले ऐकू येऊन राहिलं," म्हणायचे आणि पेपर वाचत बसायचे. चौबे कॉलोनीतल्या आमच्या दारातून मी भाजीवाल्याला हाक मारली की मागच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायासुद्धा टोपल्या घेऊन बाहेर येतात. मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

आता तो अभिमान उरलेला नाही. त्याचं कारण एक देवमासा. रायपूरच्या बाईचा आणि देवमाशाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमच्या पोराची नोकरी नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात. राज्य नवं झालं, मग राजधानीही नवी बांधायला घेतली, शेतांमधून रुंद रुंद रस्ते निघाले आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीत हा रोज बसनं जातो. त्याचे साहेब पुण्याचे. साहेबांना आणि त्यांच्या बायकोला जंगल, समुद्र, पक्षी यांचं भारी वेड. कोकणात एका खाडीपलीकडे कँप आहे, तिथून होडीनं समुद्रात नेऊन देवमासे दाखवतात. दिसले तर. तिथे त्यांनी जागा ठरवली आणि आमच्या पोराला म्हणाले, तुम्हीही कुटुंबाला घेऊन चला. सूनबाईला बँकेत सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी माझी वर्णी लागली.

खरं तर जायचं होतं ते माझ्या नातीसाठी. नऊ वर्षांची पोट्टी, समुद्र कधी पाहिलेला नाही, आणि डोक्यात देवमाशाशिवाय दुसरं काही नाही. वह्यांच्या मागच्या पानांवर देवमासे, पाटावर पिठाचे देवमासे, आंघोळीच्या बादलीत चमचा बुडवून "आजी देखो, साँस लेने ऊपर आई!" एका रविवारी बापलेकीनं मिळून गल्लीत खडूनं देवमासा काढला. शेपटी आमच्या फाटकाशी आणि तोंड थेट पानठेल्यापुढे. दिवसभर स्कूटरवाले त्याच्या अंगावरून जात होते आणि ही गच्चीवरून एकेकाला झापत होती, "भैया, साइड से! दिखता नहीं क्या?" पोट्टी आवाजात माझ्यावर गेली म्हणून मी खूश.

ती हिंदीतच बोलते. तिची आई इकडची, छत्तीसगढी घरातली. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं झकास चालतं.

"आजी, वो दिखेगी ना? पक्का?" तिनं निघायच्या आधी विचारलं.

"दिसेल ना, काहून नाही दिसणार!" मी ठोकून दिलं. माझ्या बापाचं काय जात होतं!

दोन विमानं, मग जीप, मग खाडीतून होडी. इतका आटापिटा करून पोचलो आणि पाहते तर काय, मातीच्या झोपड्या! शेणानं सारवलेली जमीन, पंखा नाही, आंघोळीला एक बादली, साबणाऐवजी रिठ्याचं पाणी. संडासात तर पाणी ओतायचंच नाही, डबाभर लाकडाचा भुसा टाकायचा, त्याचं म्हणे पुढे खत होतं. कँप चालवणाऱ्या ताई तिथल्याच गावच्या होत्या. त्या हे सगळं समजावून सांगत होत्या आणि मॅडम, म्हणजे साहेबांची बायको, "किती साधं, किती सुंदर ना!" म्हणत भुशाच्या डब्याचासुद्धा फोटो काढत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाप्पा! हे तर आमच्या आजोळी फुकटात होतं. त्याच्यापासून पळूनच तर आम्ही शहरात आलो!"

साहेब मोठ्यानं हसले. मॅडम हसल्या. मग काय, मला चेवच चढला.

त्या संध्याकाळी जेवायला सगळे अंगणात बसलो आणि मी सुटलेच. शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या खुर्चीवर आधीच बकरी बसली होती तो किस्सा सांगितला. यजमान मालगाडीच्या डब्यात झोपले आणि थेट बिलासपूरला उठले तो सांगितला. मॅडमनी ताट बाजूला सारलं आणि फोन माझ्यासमोर धरला. "काकू, ते 'काहून' परत म्हणा ना! किती गोड!" मी म्हटलं. "आणि ते 'करून राहिलो'?" तेही म्हटलं. हातवारे करून म्हटलं, डोळे मोठे करून म्हटलं. त्या आणखी मागत गेल्या आणि मी आणखी देत गेले. नात माझ्या मांडीला टेकून खिदळत होती. पोरगा तेवढा मान खाली घालून आमटी भुरकत होता. तो साहेबांशी बोलताना "अगदीच, सर" आणि "हो ना, खरंच" असं बोलायचा. हे 'अगदीच' त्यानं कुठून आणलं कोण जाणे, आमच्या घरात तर कुणी कधी म्हटलेलं नाही. मला वाटलं, आज आपण मैफल मारली.

झोपडीकडे परतताना पोरगा नातीला पुढे पाठवून माझ्याबरोबर मागे राहिला.

"आई, उद्या थोडं कमी बोल ना."

"काहून?"

"हेच. हे काहूनच." तो थांबला. "ते तुझ्यावर हसून राहिले होते, आई. तुले समजलं नाही? मॅडमनं तो व्हिडिओ आपल्या बहिणींना पाठवला. माझ्यासमोर पाठवला. त्यांनी काय काय लिहिलं, ते मलेच वाचून दाखवत होती. मी काय करू? हसलो मी पण."

तो पुढे म्हणाला, "उद्या होडीत काही दिसलं तर मले हळूच सांग. मी सांगतो सगळ्यांले. तू ओरडू नको, प्लीज."

मला इतकी लाज वाटली की मी पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिले. साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवलेली, आणि त्या फोनपुढे माकडासारखी नाचली. कुणी अडवलं नाही, मीच नाचले. आणि पोरगाही हसला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मग लाजेच्या मागोमाग राग आला. मॅडमचा आला, पोराचा आला, स्वतःचा तर किती आला त्याला सुमार नाही. बोलायचं नाही ना? ठीक आहे. मग नाहीच बोलणार. मी रुसले की कशी रुसते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यजमान असताना एक अख्खी दिवाळी मी तोंड न उघडता काढली होती. चकल्या मात्र तळल्या होत्या.

सकाळी मॅडम हसत म्हणाल्या, "काकू, आज गप्प का?"

"काही विशेष नाही," मी म्हणाले. इतकं शुद्ध की मलाच ते परकं वाटलं.

होडीत ताईंनी नियम सांगितला. होडीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. देवमासा वर आला की थोडाच वेळ दिसतो, तेव्हा बोट दाखवत बसायचं नाही, ज्याला दिसेल त्यानं नुसता तास ओरडायचा. 'दोन वाजता!' म्हटलं की सगळ्यांनी उजवीकडे पुढे पाहायचं. प्रत्येकाला एकेक बाजू नेमून दिली. मला मिळाली मागची.

"आजी, तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही मागून ओरडलात तरी पुढं ऐकू येईल," ताई म्हणाल्या. त्यांनी कौतुकानंच म्हटलं असेल. पण मला वाटलं, हिलाही तो व्हिडिओ दाखवला वाटतं. मी नुसती मान हलवली आणि मागे जाऊन बसले.

त्या दिवशी काही दिसलं नाही. नात पुढे ताईंच्या शेजारी बसली होती, दुपारपर्यंत डोळ्याची पापणी हलवली नसेल. परत आल्यावर तिचे गाल उन्हानं सोलवटले होते. "कल आएगी," ती मला म्हणाली, जसं काही मलाच धीर हवा होता. दुसरी सकाळ शेवटची होती, दुपारी आम्हाला निघायचं होतं.

त्या सकाळी ती पुढे गेली नाही. मागे माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आजी उदास आहे हे पोट्टीला कळलं म्हणून आली. मी मनात म्हटलं, चला, एक तरी आपलं माणूस आहे.

आम्ही बरेच आत गेलो होतो. इंजिन बंद करून होडी नुसती डुलत होती. इतक्यात पुढच्या बाजूला डॉल्फिन आले, पाच-सहा असतील, आणि सगळ्यांनी तिकडे धाव घेतली. मॅडमचा फोन, साहेबांची दुर्बीण, आमच्या पोराचं 'अगदीच'. होडी पुढून जड झाली. मी जागची हलले नाही. माझी बाजू मागची होती आणि मी रुसलेली होते.

आणि मागे पाणी फुगलं.

आधी मला वाटलं लाट आहे. मग ती फुटली नाही, आणि त्यातून काळी पाठ वर आली. ओल्या पाटीसारखी गुळगुळीत. ती येतच राहिली, पाठ संपता संपेना. वाफेसारखं पाणी उडालं, खूप मागे एक छोटा वाकडा पर दिसला, आणि सगळं पुन्हा सावकाश खाली जाऊ लागलं. काहीच घाई नव्हती त्याला. मी देवळात कधी इतकी थरथरले नसेन. कुणी बोलवायला जावं, बघायला यावं, परत येऊन शेजाऱ्याला सांगावं, एवढा वेळ होता असं मला आज वाटतं. तेवढा नसेलही. पण ओरडण्यापुरता नक्की होता.

'सहा वाजता!' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं, सांगू? आता हवाय का माझा आवाज? कालपर्यंत नको होता ना? पाहा मग तुमचे डॉल्फिन. असं आलं मनात. बीरगांवच्या पोट्ट्यांच्या मनातसुद्धा इतकं कोतं कधी आलं नसेल. मी तोंड मिटलं. देवमासा गेला. शेजारी माझी नात बसली होती, जी यासाठी हजार मैल आली होती, आणि मला तिची आठवणसुद्धा झाली नाही.

आठवण झाली ती पाणी सपाट झाल्यावर. मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, डॉल्फिन पाहून आता वळली असेल.

ताई मागे आल्या आणि पाण्याकडे बघून चपापल्या. "हे पाणी बघा, तेल सांडल्यासारखं झालंय. इथं तो वर येऊन गेला असणार. मागं आजी होत्या ना? आजी, काही दिसलं?"

"नाही," मी म्हणाले.

आम्ही तिथे खूप वेळ थांबलो. तो परत आला नाही. मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे, डॉल्फिन तर दिसले, किती गोड होते." साहेब म्हणाले, निसर्ग आहे, आपल्या हातात काही नसतं. मी कडेच्या फळीला घट्ट धरून बसले होते. नात रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर तिनं पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही, आपल्या चपलेचा पट्टा लावत आणि काढत बसली.

रायपूरला आल्यावर मी स्वतःची समजूत घालायचे. लहान आहे, विसरेल. पुढच्या वर्षी दुसरीकडे नेऊ. पण महिना होत आला तरी माझ्या मनातून ते जाईना. त्यातच एक दिवस सूनबाई सांगत आली की शाळेत हिला सहलीबद्दल बोलायला उभं केलं तर "कुछ नहीं दिखा" म्हणाली आणि खाली बसली. घरातही ती हळू बोलू लागली होती. गच्चीवरून कुणाला ओरडत नव्हती. सूनबाईला वाटलं, मोठी होतेय, शहाणी होतेय. मला अन्न गोड लागेना. ठरवलं, काय व्हायचं ते होवो, पोट्टीला खरं सांगून टाकायचं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर कोहळ्याच्या वड्या घालत होतो. सिलतऱ्याकडून काळी धूळ येते, म्हणून वड्यांवर जुनं धोतर झाकावं लागतं. ती वड्या घालत होती आणि मी धोतर ताणून दगड ठेवत होते. दगड ठेवता ठेवताच म्हणाले, "राणी, तुले एक सांगायचं आहे. तो देवमासा आला होता. मी पाह्यला."

तिनं बोटावरची वडी नीट कापडावर सोडली. "मुझे मालूम है."

"तुले कसं मालूम?"

"आपका मुँह खुल गया था ना. और आँखें इतनी बड़ी हो गई थीं. मैं आपको ही देख रही थी."

"अगं माय! एवढा समुद्र सोडून मले काहून पाहत होती तू?"

तिनं आणखी एक वडी घातली. मग म्हणाली, "पापा ने बोला था. पीछे आजी के पास बैठ, और आजी चिल्लाने लगे तो उनका हाथ दबा देना. तो मैं देख रही थी कि आप कब चिल्लाते हो. फिर आपका मुँह खुला, तो मैंने दबा दिया. ज़ोर से. और आप चुप हो गए." तिचा आवाज रडवेला झाला. "सॉरी आजी. मैंने दबाया, इसलिए आप बोल नहीं पाए. नहीं तो सबको दिख जाती."

माझ्या हातातला दगड मी खाली ठेवला. पोट्टीनं मान माझ्याकडे वळवून ठेवली होती, म्हणून तिला देवमासा दिसला नाही. माझ्या तोंडावर पहारा देत बसली होती ती. आणि महिनाभर हा गुन्हा आपला आहे असं धरून एकटी फिरत होती, आम्हाला कुणाला पत्ता नाही. खरं सांगायचं तर तिचा हात मला आठवतच नाही. तिनं जीव खाऊन दाबला असेल, पण माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी माझ्या रागात इतकी बुडालेली होते.

तेच मी तिला सांगितलं. "नाही वं माझे माय, तुझा हात मले समजलाच नाही. तुझ्यामुळं काही झालं नाही. मी रुसली होती. सगळ्यांवर रुसली होती, म्हणून मुद्दाम नाही बोलली. चूक माझी आहे. फक्त माझी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांनी समजूत घातली की मुलं असंच पाहतात, ऐकून घेतात आणि विश्वास ठेवत नाहीत. "आप मुझे अच्छा लगे इसलिए बोल रहे हो," ती म्हणाली. "इतनी बड़ी व्हेल देखके कोई रूठता है क्या?"

"मी रुसली होती! देवाशपथ!"

"आजी, रहने दो ना."

मी पुन्हा सांगितलं. हिंदीत सांगितलं. तिच्या खांद्याला धरून सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, बीरगांवच्या वर्गात चढायचा तसा. समोरच्या घरातली खिडकी उघडली, खालून सूनबाईनं विचारलं काय झालं म्हणून. नातीनं घाईघाईनं पीठ लागलेले हात फ्रॉकला पुसले आणि माझा हात धरून दाबला.

या वेळी मला तो कळला. मी गप्प झाले.